मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी

सॉफ्टवेअरचे मुदतीचे परवाने आणि त्यांचे नूतनीकरण यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील सात पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळ्या व्यवसायांतील वाचकांची आहेत, पण जवळजवळ सगळ्यांची तक्रार मुळात एकच आहे: पैसे भरताना मुदतीची तारीख कोणी नीट पाहिली नाही, आणि ती उलटल्यावर काय होईल हे कोणी विचारले नाही.

प्रश्न: मी चित्रकार असून पुस्तकांची मुखपृष्ठे करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदाच पैसे भरून घेतलेला चित्रांचा प्रोग्राम माझ्या जुन्या संगणकावर अजून चालतो. नव्या संगणकासाठी तोच घ्यायला गेलो, तर आता तो फक्त महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळतो. कंपन्यांनी असे का केले? आणि जुना प्रोग्राम तरी माझ्या मालकीचा आहे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातून उलगडत जाते. प्रोग्रामची सीडी, तिचे खोके आणि बीजक आपल्या मालकीचे आहे. प्रोग्राम मात्र कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा आपल्या मालकीचा नसतो. तो वापरण्याचा परवाना आपल्याला दिलेला असतो. सॉफ्टवेअरची स्वतंत्र किंमत लावण्याची रीत तशी फार जुनी नाही. आयबीएमने जून १९६९ मध्ये यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगवेगळी लावण्याचे जाहीर केले. त्याआधी सॉफ्टवेअर बहुधा यंत्राबरोबरच येत असे. पुढे खोक्यातील प्रोग्रामचे दिवस आले तेव्हा ग्राहकाला ती साधी खरेदी वाटली, पण आतल्या करारात शब्द ‘परवाना’ हाच होता. त्या परवान्याला शेवटची तारीख नसे, म्हणून हा फरक कोणाला जाणवला नाही, इतकेच.

न्यायालयांचेही यावर एकमत झालेले नाही. अमेरिकेत २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने, असा प्रोग्राम घेणारा ग्राहक मालक नसून परवानाधारक आहे, असे ठरवले. उलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात असे म्हटले की, मोबदला घेऊन अमर्याद काळासाठी वापराचा हक्क दिला असेल तर तो व्यवहार विक्रीचाच आहे, आणि ग्राहकाने तो परवाना पुढे दुसऱ्याला विकल्यास उत्पादकाला आडवे येता येत नाही. या निकालातील ‘अमर्याद काळासाठी’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण वर्षाच्या वर्गणीवर घेतलेल्या परवान्याला त्यांचा आधार मिळत नाही. तारीख जोडली गेली की ग्राहकाच्या हातातील हक्काचे स्वरूपच बदलते.

आता कंपन्यांनी असे का केले, याविषयी. खोक्यांच्या काळात नवी आवृत्ती आली की पैसे येत आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत ओघ आटे. ज्यांचे जुन्या आवृत्तीवर भागत होते ते दोन-दोन आवृत्त्या सोडून देत. वर्गणीमुळे उत्पादकाचे उत्पन्न दर महिन्याला ठरलेले राहते, हे पहिले आणि मोठे कारण. दुसरे कारणही खोटे नाही: सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत द्याव्या लागतात, आणि सर्व्हरवर चालणाऱ्या सोयींचा खर्च एकदाच होऊन संपत नाही. अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये सांगितले की फोटोशॉपसारख्या प्रोग्रामांचा संच असलेल्या क्रिएटिव्ह सूटच्या सहाव्या आवृत्तीनंतरचे नवे काम फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर मिळेल. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक प्रोग्रामचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले.

यात मधला मार्ग निघू शकतो, हे प्रोग्रामरांसाठी साधने करणाऱ्या जेटब्रेन्स या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. तिने २०१५ मध्ये वर्गणीची पद्धत जाहीर केल्यावर प्रोग्रामरांनी जोरदार विरोध केला, तेव्हा कंपनीने अशी तरतूद केली की सलग बारा महिने पैसे भरणाऱ्याला, वर्गणी थांबवल्यानंतरही, त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला असलेली आवृत्ती कायमची वापरता येईल. जो प्रोग्राम पूर्णपणे ग्राहकाच्या संगणकावर चालतो, त्यासाठी अशी तरतूद प्रत्येक उत्पादकाने करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण नवा प्रोग्राम निवडताना ही तरतूद आहे का, हे जरूर विचारावे. एकदाच पैसे भरून मिळणारे चित्रांचे प्रोग्राम आजही बाजारात आहेत, तेव्हा जुन्या नावालाच चिकटून राहण्याचे कारण नाही.

प्रश्न: मी लहान व्यावसायिकांचे हिशेब ठेवतो. हिशेबाचा प्रोग्राम आणि कार्यालयीन कामाचे प्रोग्राम, दोन्ही वर्षाच्या वर्गणीवर आहेत. एखाद्या वर्षी नूतनीकरण केले नाही तर माझ्या फायली अडकून पडतील का?

उत्तर: या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि तो पैसे भरण्यापूर्वी विचारायचा असतो. वर्गणी एक दिसली तरी तिच्यात तीन वेगवेगळ्या मुदती दडलेल्या असतात: प्रोग्राम वापरण्याची, नव्या आवृत्त्या आणि मदत मिळण्याची, आणि उत्पादकाच्या सर्व्हरवर ठेवलेल्या आपल्या माहितीपर्यंत पोहोचण्याची. या तिन्ही एकाच दिवशी संपतील असे नाही. कोणती कधी संपते आणि संपल्यावर नेमके काय होते, हे प्रत्येक उत्पादकागणिक बदलते.

काही प्रोग्राम मुदतीनंतर उघडतच नाहीत. काही उघडतात, पण फक्त वाचण्यापुरते. काही जसेच्या तसे चालत राहतात आणि केवळ अपडेट बंद होतात. संकेतस्थळांसाठी घेतलेली अनेक पूरक सॉफ्टवेअर या प्रकारात मोडतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ दुसऱ्या प्रकारातले आहे. मुदत टळली आणि सवलतीचे दिवसही गेले की वर्ड किंवा एक्सेल उघडते, फाइल दिसते, छापताही येते. पण वरच्या बाजूला सूचनेची पट्टी असते, साधनांच्या पट्टीतील बहुतेक बटणे करडी झालेली असतात, आणि ओळीच्या शेवटी कर्सर नेऊन कळ दाबली तर अक्षर उमटत नाही. ज्याला त्याच दिवशी विवरणपत्र द्यायचे आहे, त्याला फाइल डोळ्यांसमोर असून एक आकडा बदलता येत नाही. अशा वेळी फाइल खराब झाली असे समजून अनेक जण घाबरतात. तसे काही झालेले नसते. नूतनीकरण केले, किंवा तीच फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली, की काम पुढे सुरू होते.

सर्व्हरवरील माहितीचे मात्र इतके सोपे नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्यवसायांसाठीच्या बहुतेक वर्गण्यांत मुदत संपल्यावर साधारण ३० दिवस सगळे चालू राहते, त्यानंतरचे ९० दिवस वापरणाऱ्यांचा प्रवेश बंद होऊन केवळ व्यवस्थापकाला माहिती काढून घेता येते, आणि पुढे ती माहिती पुसली जाते. हे टप्पे तरी लिहून ठेवलेले आहेत. लहान उत्पादकांच्या करारात पुष्कळदा ‘मुदतीनंतर माहिती हटवली जाऊ शकते’ एवढे एकच वाक्य असते, किती दिवसांनी हटवणार ते नसते. असे वाक्य दिसले तर ईमेल करून दिवसांचा आकडा लेखी मागावा. उत्तर आलेच नाही, तर तिथे वर्षानुवर्षांचे हिशेब ठेवू नयेत.

आपल्या व्यवसायात जुन्या नोंदी कित्येक वर्षे जपणे बंधनकारक असते, आणि तपासणी वर्गणीची तारीख पाहून होत नाही. म्हणून मुदतीच्या किमान एक महिना आधी, प्रोग्राम चालू असतानाच, सगळी माहिती एकदा बाहेर काढून पाहावी. नुसती काढू नये, ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी. मी हे एका हिशेबाच्या प्रोग्रामवर करून पाहिले होते. नोंदी सगळ्या आल्या, बेरजाही जुळल्या. पण नोंदींना जोडलेली बिलांची छायाचित्रे आली नव्हती, त्यांच्या जागी फक्त फायलींची नावे होती. शिवाय काही तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती, आणि ती चूक तेराव्या तारखेनंतरच्या नोंदींवरून ध्यानात आली, कारण तेरावा महिना नसतो. प्रोग्राम चालू होता म्हणून छायाचित्रे वेगळी उतरवून घेता आली. मुदत संपल्यावर हे कळले असते तर त्या बिलांसाठी पुन्हा एक वर्षाचे पैसे भरावे लागले असते.

माहिती शक्यतो अशा रूपात काढावी, जी कोणत्याही एका उत्पादकाच्या ताब्यात नाही. नोंदींसाठी सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल), छापील रूप जपण्यासाठी पीडीएफ, आणि मजकूर व तक्ते यांसाठी ओपनडॉक्युमेंट; हे शेवटचे रूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य प्रोग्राममध्ये ते उघडते.

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी कार्यालयात आरेखनाच्या प्रोग्रामचे दहा परवाने आहेत. ते वेगवेगळ्या वेळी घेतल्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा नूतनीकरण येते. गेल्या वेळी सर्व्हर बदलल्यावर, मुदत शिल्लक असूनही, एकही संगणक चालेना. परवान्याची तारीख नेमकी कुठे लिहिलेली असते?

उत्तर: आपल्या वर्णनावरून आपले परवाने ‘फ्लोटिंग’ पद्धतीचे, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या साठ्यातून जो मागेल त्याला देण्याच्या पद्धतीचे दिसतात. अभियांत्रिकी क्षेत्रात १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेली फ्लेक्सएलएम ही प्रणाली, आता फ्लेक्सनेट या नावाने, यासाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिची परवान्याची फाइल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. ती एकदा उघडून वाचावी, असे मी आवर्जून सांगते.

पहिल्या ओळीत सर्व्हरचे नाव आणि त्या यंत्राची ओळख असते. ही ओळख पुष्कळदा नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता असते. खाली प्रत्येक प्रोग्रामची एकेक ओळ: त्याचे नाव, उत्पादकाच्या सेवेचे नाव, आवृत्ती, मग मुदतीची तारीख, आणि तिच्यापुढे परवान्यांची संख्या. कायमस्वरूपी परवाना असेल तर तारखेच्या जागी ‘परमनंट’ असा शब्द असतो. ओळीच्या शेवटी अंकांची व अक्षरांची एक लांब माळ असते. ती उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी. तारखेत किंवा यंत्राच्या ओळखीत एक अक्षर जरी बदलले, तरी ही माळ जुळत नाही आणि ती ओळ बाद होते. आपला सर्व्हर बदलला तेव्हा नेटवर्क कार्ड बदलले, ओळख जुळेना, आणि मुदत शिल्लक असूनही गाडे अडले. याचा उपाय विक्रेत्याकडून नव्या यंत्राच्या ओळखीची फाइल मागवणे हाच आहे. बहुतेक उत्पादक ती देतात, पण काहींनी वर्षातून किती वेळा द्यायची यावर मर्यादा घातलेली असते. तेव्हा सर्व्हर बदलण्याची तारीख आधी ठरवून, नवी फाइल हातात आल्यावरच जुना बंद करावा.

चार-पाच तारखांचा गोंधळ मिटवण्यासाठी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विक्रेत्याला सर्व परवान्यांची अखेरची तारीख एकच करून मागावी. ज्या परवान्यांची मुदत मागे आहे, त्यांचे मधल्या दिवसांपुरते पैसे प्रमाणात आकारले जातात. व्यवहारात ही नेहमीची गोष्ट आहे, पण मागितल्याशिवाय ती सहसा कोणी देऊ करत नाही. त्याच बैठकीत दहा परवाने खरोखर लागतात का, हेही पाहावे. कोणत्या दिवशी एकाच वेळी किती परवाने बाहेर होते याची नोंद सर्व्हर ठेवत असतो. वर्षभरात कधीच सातच्या वर आकडा गेला नसेल, तर दहाचे नूतनीकरण करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी तांत्रिक नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. माझ्या माहितीतील एका लहान कार्यालयात एका सोमवारी सकाळी चौघांच्या संगणकांवर एकच संदेश आला: परवाना उपलब्ध नाही. नूतनीकरणाच्या सूचना दोन महिने आधीपासून येत होत्या, पण त्या आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या ईमेलवर जात होत्या, आणि तो पत्ता बंद केलेला होता. पैसे त्याच दिवशी भरले. मागणीपत्र, विक्रेता, उत्पादक असा फेरा पूर्ण होऊन नवी फाइल यायला तिसरा दिवस उजाडला. खात्यावरचा ईमेल पत्ता एका व्यक्तीचा नसावा, कार्यालयाचा असावा, आणि तो किमान दोघांनी पाहावा.

प्रश्न: विषाणूंपासून संरक्षण देणाऱ्या प्रोग्रामचे नूतनीकरण मी मुदतीच्या वीस दिवस आधी केले. ते वीस दिवस वाया गेले का?

उत्तर: त्याच उत्पादकाच्या त्याच प्रोग्रामचे, त्याच खात्यातून नूतनीकरण केले असेल, तर बहुधा उरलेले दिवस नव्या मुदतीत मिळवले जातात. मात्र नवी ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, स्वतंत्रपणे विकत घेऊन घातली असेल, आणि विशेषतः ती वेगळ्या श्रेणीची किंवा वेगळ्या संख्येच्या संगणकांसाठी असेल, तर मुदत ती ‘की’ घातल्या दिवसापासून मोजली जाऊन जुने दिवस जाऊ शकतात. खात्यात आता दिसणारी अखेरची तारीख पाहावी. ती वीस दिवसांनी कमी असेल तर बीजक जोडून तक्रार करावी. आणि आधी नूतनीकरण केले यात आपली काहीच चूक झालेली नाही. या प्रकारच्या प्रोग्रामची मुदत चुकवणे सर्वांत धोक्याचे, कारण काही प्रोग्राम मुदतीनंतरही चालू असल्यासारखे दिसतात आणि नव्या विषाणूंची ओळख मात्र त्यांना मिळत नसते.

प्रश्न: मोबाइलवरील एक भाषांतराचे अ‍ॅप मी सात दिवसांसाठी विनामूल्य घेतले, आवडले नाही म्हणून काढून टाकले. तरी वर्षाचे पैसे कापले गेले. मध्यंतरी माझे कार्डही बदलले होते. हे कसे झाले?

उत्तर: अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द झाली, असा समज फार मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो चुकीचा आहे. अ‍ॅप फोनमध्ये असते. वर्गणीचा करार आपल्या खात्यात असतो. अ‍ॅपच्या दुकानातून वर्गणी घेतली असेल तर ती त्या दुकानातील खात्याच्या वर्गण्यांच्या पानावर जाऊनच रद्द करावी लागते, आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर तिथे. ज्या दाराने आत गेलो त्याच दाराने बाहेर पडावे लागते. वेळेचेही बंधन असते: अ‍ॅपलच्या दुकानात विनामूल्य मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावे लागते, म्हणजे सात दिवसांची मुदत प्रत्यक्षात सहा दिवसांचीच समजावी. माझी स्वतःची पद्धत अशी आहे की विनामूल्य मुदत सुरू केल्याबरोबर त्याच बैठकीत पुढचे नूतनीकरण रद्द करून टाकायचे. बहुतेक ठिकाणी तसे केले तरी उरलेले दिवस वापरता येते. जिथे रद्द करताच वापर थांबतो तिथे सूचना आधीच दिलेली असते, ती वाचावी.

कार्ड बदलल्यावर वर्गणी आपोआप थांबेल, यावरही विसंबू नये. मोठ्या कार्ड कंपन्यांची अशी सोय असते की बँकेने नवे कार्ड दिले की, ज्या व्यापाऱ्यांकडे जुना क्रमांक साठवलेला आहे, त्यांना नवा क्रमांक किंवा नवी तारीख पुरवली जाऊ शकते. ग्राहकाच्या सोयीसाठी ही व्यवस्था आहे, पण नको असलेली वर्गणीसुद्धा तिच्यामुळे अखंड चालू राहते. आता आपण पुढचे नूतनीकरण आधी रद्द करावे, त्याची पोच जपून ठेवावी, आणि मगच परताव्याची मागणी करावी. पैसे कापल्यानंतर लगेच आणि अ‍ॅप न वापरता मागणी केली, तर परतावा मिळण्याची शक्यता बरीच असते. दुकानाने नकार दिला तरच बँकेकडे तक्रार न्यावी. थेट बँकेतून व्यवहार उलटवला तर काही ठिकाणी संपूर्ण खातेच गोठवले जाते.

याच संदर्भात दोन सापळे सांगते, जे मोठ्या वर्गण्यांतही आढळतात. पहिला, ‘वार्षिक करार, मासिक हप्ता’. दर महिन्याला पैसे जातात म्हणून ग्राहक ती महिन्याची वर्गणी समजतो. मध्येच रद्द करायला गेल्यावर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा काही भाग, कधी निम्मासुद्धा, भरावा लागतो. दुसरा, पहिल्या वर्षाची सवलत. नूतनीकरण पूर्ण दराने होते आणि तो दर खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. मनात हिशेब करताना नेहमी दुसऱ्या वर्षाचा दर धरावा. कायद्याने यात बदल होऊ शकतो हेही नोंदवते: जर्मनीत १ जुलै २०२२ पासून, ज्या संकेतस्थळावर ग्राहकाला अशी वर्गणी घेता येते तिथे ती रद्द करण्याचे बटणही सहज दिसेल असे ठेवणे बंधनकारक आहे. असे बटण सर्वत्र असायला हवे.

प्रश्न: आमच्या संस्थेकडे ग्रंथालयाच्या प्रोग्रामचा कायमस्वरूपी परवाना आहे. दोन वर्षे वार्षिक देखभालीचे पैसे भरले नाहीत. आता नवी आवृत्ती हवी आहे तर विक्रेता मागील दोन वर्षांचे पैसे आणि वर दंड मागतो. ज्या काळात सेवा घेतलीच नाही, त्याचे पैसे का द्यायचे?

उत्तर: आपला राग मी समजू शकते, पण विक्रेत्याची बाजू पूर्णपणे निराधार नाही. कायमस्वरूपी परवान्यात कायम असतो तो आपल्याकडील आवृत्ती वापरण्याचा हक्क. नव्या आवृत्त्या, दुरुस्त्या आणि फोनवरची मदत देखभालीच्या करारातून मिळते, आणि तो करार मुदतीचा असतो. त्याचा दर बहुधा परवान्याच्या मूळ किमतीच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. आपण दोन वर्षे पैसे भरले नाहीत तरी त्या दोन वर्षांत झालेले सगळे काम नव्या आवृत्तीत आहे, आणि तीच आपल्याला हवी आहे. थकबाकी भरून घेतली नाही तर प्रत्येक जण तीन वर्षांतून एकदाच पैसे भरेल. इथपर्यंत मला पटते. दंड मात्र पटत नाही, आणि तिथे घासाघीस करण्यास वाव असतो.

करार काढून पुन्हा सुरू करण्याविषयीचे कलम आहे का ते पाहावे. नसेल तर दंडाची मागणी लेखी कारणांसह मागावी. दुसरीकडे थकबाकी, दंड आणि पुढील वर्षाचे पैसे यांची बेरीज करून ती नव्या परवान्याच्या किमतीशी ताडून पाहावी. कधी कधी नवा परवानाच स्वस्त पडतो, आणि हे दाखवून दिल्यावर विक्रेता दंड सोडायला तयार होतो. आर्थिक वर्षाच्या वा तिमाहीच्या अखेरीस बोलणी केल्यास विक्रीचा आकडा गाठण्याची घाई त्यांना असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न: परवान्याची मुदत संपत आली आहे. संगणकाची तारीख मागे नेली तर चालेल का? आणि उत्पादकाने धंदाच बंद केला तर माझ्या परवान्याचे काय?

उत्तर: तारीख मागे नेणे हा कराराचा भंग आहे, आणि त्याचा उपयोगही होत नाही. अनेक प्रोग्राम शेवटचे कधी चालले ती वेळ लपवून नोंदवतात, काही संगणकावर भविष्यातील तारखेच्या फायली आहेत का ते तपासतात, आणि इंटरनेटला जोडलेले प्रोग्राम वेळ सर्व्हरकडूनच विचारतात. मागे नेलेल्या घड्याळामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात आणि नव्या फायलींवर खोट्या तारखा पडतात, हे नुकसान वेगळेच.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. तारीख नसलेला परवानासुद्धा, तो सुरू करून घेण्यासाठी उत्पादकाच्या सर्व्हरची संमती लागत असेल तर, त्या सर्व्हरइतकाच टिकतो. अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह सूटच्या दुसऱ्या आवृत्तीचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर २०१२च्या अखेरीस बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी सर्व्हरची गरज नसलेली वेगळी प्रत आणि क्रमांक उपलब्ध करून दिले. प्रत्येक उत्पादक इतकी काळजी घेईल, असे धरून चालता येत नाही. मोठ्या संस्था त्यासाठी करारातच अशी अट घालतात की प्रोग्रामचा मूळ कोड तिसऱ्या पक्षाकडे ठेव म्हणून राहील आणि उत्पादक बंद पडल्यास तो ग्राहकाला मिळेल. एकट्या ग्राहकाला ते शक्य नसले, तरी स्थापनेची फाइल, परवान्याचा ईमेल आणि बीजक एकत्र, संगणकाबाहेर ठेवणे शक्य आहे.

परवान्याची मुदत आणि आधाराची, म्हणजे उत्पादकाकडून दुरुस्त्या व मदत मिळण्याची, मुदत यांतही गल्लत होऊ देऊ नये. विंडोज १० चा परवाना कोणाचाही संपलेला नाही, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक चालतो, मात्र वाढीव आधार घेतलेला नसेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या ऑफिस २०२४ चा आधारही ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंतच आहे. मोठे उत्पादक अशा तारखा आधीच जाहीर करतात. आपण वापरत असलेल्या प्रत्येक प्रोग्रामसाठी या दोन्ही तारखा, परवान्याची आणि आधाराची, एका कागदावर शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि नूतनीकरणाचे पैसे भरण्यापूर्वी तो कागद समोर घ्यावा. ज्या प्रोग्रामचा आधार नव्या वर्गणीच्या मुदतीतच संपणार आहे, त्यासाठी पूर्ण वर्षाचे पैसे न भरता विक्रेत्याकडे कमी महिन्यांची मुदत मागावी.